बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रकथेत) २१वा अध्याय कशासाठी आहे?

२०व्या अध्यायाच्या शेवटी ‘तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं’ असा चक्क समारोप येतो, मग २१व्यात पुन्हा उठलेल्या येशूची शिष्यांशी सरोवराकाठची भेट का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. इंदूरच्या आमच्या मराठी वाचन गटातही यावर पोहे-जिलबी संपेपर्यंत वाद झाला होता. बरेच अभ्यासक हा अध्याय नंतरची पुरवणी मानतात.

माझ्या मते त्याचं मुख्य काम येशूचा शिष्य पेत्र याला पुन्हा उभं करणं. येशूच्या अटकेच्या रात्री कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना त्याने येशूला ओळखही दाखवली नव्हती. तीनदा नाकारलं. इथे किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव, आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस ना?’ हा येशूचा प्रश्नही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र खट्टू होतो. येशू मात्र त्या रात्रीचा विषयसुद्धा काढत नाही, सरळ आपली मेंढरं, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्यावर सोपवतो. याच भेटीत शिष्यांच्या जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांच्या आकड्याचं गूढ उकलायला जाऊ नका, त्यावर शतकानुशतकं तर्कच चालू आहेत.

आणखी एक व्यावहारिक कारण: ‘येशूचा प्रिय शिष्य मरणार नाही’ अशी वदंता बंधुवर्गात, म्हणजे येशूच्या अनुयायांत, पसरली होती. २३व्या ओवीत ती स्पष्टपणे खोडली आहे.