शेत आठवडाभर पाण्याखाली गेलं तर भात वाचतो का?

वाचतो, पण त्याच्यात सब१ए नावाचा जीन (जनुक) हवा. साधा भात बुडाला की वर यायच्या धडपडीत भराभर उंच वाढतो, साठवलेली साखर त्यातच संपवतो आणि पाणी ओसरलं की आडवा होतो. सब१ए वालं रोप मात्र वाढच थांबवतं, ताकद राखून ठेवतं आणि पाणी उतरलं की नव्याने वाढीला लागतं. हा गुण मूळचा ओडिशातल्या एफआर१३ए वाणाचा, पामेला रोनाल्ड, डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञांच्या टीमने २००६ साली जीन दाखवून दिला आणि मग जीएम (प्रयोगशाळेत जनुकांत फेरफार) वगैरे काही न करता साध्या संकरानेच तो आपल्या 'स्वर्णा' या भाताच्या वाणात आणला. स्वर्णा-सब१ दोनेक आठवडे बुडून तग धरतो, ग्रेट काम आहे खरंच! फक्त महिना महिना पाणी तुंबणाऱ्या किंवा खाऱ्या पाण्याच्या शेतात याच्या भरवशावर राहू नका.