लस, लसीका आणि लसीकार्बुद

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: सासूबाईंना लिम्फोमा निघाला. रिपोर्ट समजावून सांगताना कुणीतरी मराठीत ‘लसीका ग्रंथींचा कर्करोग’ म्हटलं. नातवाला नुकतीच क्षयावरची बीसीजी लस टोचलेली. तेव्हापासून घरात एकच धास्ती, हा लसीमुळे होणारा कर्करोग तर नव्हे?

ताई, नावावरून तसा अर्थ मुळीच निघत नाही.

काजूच्या दिवसांत बिया भाजताना तेल उडतं, हातावर फोड येतो. तो फुटला की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘लस गळते गो, हात लावू नको.’ ते पातळ, किंचित पिवळसर, चिकट पाणी म्हणजे लस. शब्दाचा जुना अर्थ हाच. चरकसंहितेतही त्वचेखालच्या, व्रणात दिसणाऱ्या पाण्याला ‘लसीका’ म्हटलं आहे. पुढे लिम्फसाठी, म्हणजे शरीरात लसीका ग्रंथींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवासाठी, तोच शब्द घेतला. गाठीला ‘अर्बुद’ होतंच; झालं लसीकार्बुद.

टोचायची लसही फोडातूनच आली. १७९६ साली देवीचा रोग टाळण्यासाठी इंग्लंडमधल्या डॉक्टर जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातला. तिला तो फोड गाईच्या देवीमुळे आला होता. मुंबईत जून १८०२मध्ये तीन वर्षांच्या एका मुलीला देवी काढल्या आणि तिच्या फोडातली लस पुढच्यांना टोचली. या दंडावरून त्या दंडावर जायची ती खरोखरच लस होती! पुढे बाटल्या आल्या, नाव तेच राहिलं. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांना ‘वासिना’, म्हणजे लस, ठाऊक असेल. तो शब्द ‘वाका’, म्हणजे गाय, यावरून आलेला. बीसीजीतले जंतूही मुळात गुरांच्या क्षयाचेच. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते तेरा वर्षं वाढवून वाढवून दुबळे केले आणि १९२१मध्ये ही लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली.

रोगाचं म्हणाल, तर २००९च्या एका डॅनिश अभ्यासात लहानपणी बीसीजी घेतलेल्यांमध्ये लिम्फोमा उलट कमीच आढळला. एवढ्यावरून ‘बीसीजी लिम्फोमा टाळते’ असं मी म्हणणार नाही. पण शब्द सारखा म्हणून लसीवर आळ घेऊ नका.

बाळाच्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येईल, पिकेल, त्यातूनही लस गळेल, घाबरू नका. डाव्या बगलेत गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. ती लसीका ग्रंथीच असते, पण बहुधा बीसीजीच्या जंतूंमुळे सुजलेली. तिला लसीकार्बुद म्हणत नाहीत.