मालवणची होडी तापोळ्याला आणल्यावर मंदावली, मोठं इंजिन घेऊ का?

तुम्ही विचारलंय की मालवणहून आणलेली १८ फुटी फायबर होडी, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं इंजिन), देवबागच्या खाडीत चाचणीला मस्त पळाली; पण तापोळ्याला आठ पर्यटक बसवले की नाक वर करून रेंगाळते आणि जोरात वळवली की इंजिन एकदम ओरडतं. तर ६० एचपी घ्यावं का?

इतक्यात घेऊ नका. मी देवबागला पर्यटकांच्या होड्या चालवतो, इंजिनंही स्वतःच उघडतो. अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या ताकदीत नसतो, पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) आणि वजनात असतो.

चाचणीच्या वेळी होडीत किती माणसं होती ते आठवा. तुम्ही आणि विकणारा, फार तर अजून एक. आता चालक धरून नऊ, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास. शिवाय तापोळ्याचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्के घटते. तुमचं ४० तिथे ३७ च्या आसपास उरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून होडी किंचित खोलही बसते, पण तो फरक नगण्य.

आता पंखा. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते अंतर. ११ पिचचा पंखा, ५५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), गिअर २:१ (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक) धरला तर हिशोब ताशी ४६ किलोमीटरचा येतो. पाण्यात पंखा घसरतो, म्हणून हाती ३७-३८ पडतात. पिच जास्त असेल आणि होडी भरलेली असेल, तर चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी घातल्यासारखं होतं. इंजिन गुदमरतं, होडी पाण्यावर चढतच नाही, नाक वर आणि शेपूट खाली अशी पाणी ढकलत राहते. पेट्रोल मात्र भरपूर पितं.

म्हणून आधी आरपीएम मीटर लावा. प्लगच्या वायरला गुंडाळायचे स्वस्त मीटर मिळतात. रोजच्याइतकी माणसं बसवून, सरळ, पूर्ण थ्रॉटलवर आकडा बघा आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडा. बऱ्याच फोर-स्ट्रोकना ती ५००० ते ६००० असते. तुमचा आकडा ४५०० वर अडत असेल तर पिच कमी करा. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. रिकाम्या होडीचा वरचा वेग थोडा जाईल, पण भरलेली होडी चढेल, आणि तुमचा धंदा भरलेल्या होडीवरच आहे.

वळताना ओरडतं ते पंख्याने हवा ओढल्यामुळे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर वर हवी. त्याहून वर असेल तर इंजिन खाली घ्या. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कलही तपासा. इंजिनाचा पाण्यातला पाय होडीपासून बाहेर झुकलेला असेल तर नाक उचलतं आणि वळणावर हवा शिरते. सुरुवातीला पाय आत, होडी चढली की हळूहळू बाहेर. सरळ जातानाही ओरडत असेल तर मात्र पंख्याच्या आतला रबरी बुश सुटलेला असू शकतो.

माणसं मागे गोळा होऊ देऊ नका. जड मंडळी मधे बसवा, पेट्रोलचा डबा पुढे सरकवा. एवढ्यानेच कित्येकदा नाक खाली येतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या एका जुन्या होडीचा वेग जात होता. दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, काही फरक नाही. शेवटी फळी उचलली तर खालचा फोम पाणी पिऊन दगड झालेला. होडी टेम्पोवर चढवाल तेव्हा वजनकाट्यावर नक्की घाला. तळही हाताने चाचपा. खाडीत नांगरलेल्या होडीला चिकटलेले कवचवाले जीव गोड्या पाण्यात मरतात, कवचं मात्र तशीच राहतात, आणि तेवढा खडबडीतपणा वेग खायला पुरतो.

६० एचपीचं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या पुढे जातं. मागची फळी तेवढ्या वजनाला आणि ढकलीला बांधलेली आहे का, हे होडी बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ते टांगू नका. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, पंख्याच्या ढकलीवरच होडी वळते. म्हणून धक्क्याजवळ थ्रॉटल पूर्ण बंद केलात तर ती तुमच्या हातात राहत नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला रोज बांधा.

पंख्यावरचे दोन आकडे आणि भरलेल्या होडीचा आरपीएम इथे कळवा, मग कुठल्या पिचचा घ्यायचा ते नेमकं सांगतो.