इंग्लंडमधल्या नॉन-लीग फुटबॉलचा मोसम मध्येच थांबला तर बढती कुणाला मिळते?

ते तुमचा क्लब कुठल्या पायरीवर आहे त्यावर ठरतं. (नॉन-लीग म्हणजे प्रीमियर लीग आणि फुटबॉल लीग या वरच्या चार विभागांखालचं सगळं; पायऱ्या तिथून खाली मोजायच्या, पहिली सगळ्यात वरची.) उत्तर एवढंच, पण २०१९-२० चा मोसम मी ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स गावात राहून पाहिलाय, त्यामुळे एका ओळीत भागणार नाही.

मी बोटीवर इंजिनिअर. परीक्षेसाठी तिथल्या मरीन कॉलेजात होतो. आपली बरीच पोरं जातात. शनिवारी दुपारी मेट्रोने ‘बीड’ला उतरायचं (हो, स्टेशनचं नाव बीडच, कुणा जुन्या संताच्या नावावरून) आणि चालत मरिनर्स पार्क, म्हणजे साउथ शील्ड्स क्लबचं मैदान, गाठायचं. शेजारी एक आजोबा उभे असायचे, हातात वही. हा क्लब मैदान गमावून दोन मोसम पीटरलीला, वीसेक मैलांवर जाऊन खेळला, तेव्हाचेही स्कोअर त्या वहीत. २०१७ ला वेम्ब्लीवर क्लीथॉर्प्सला ४-० हरवून एफए व्हाज हा छोट्या क्लबांचा चषक जिंकला, ते पान त्यांनी मला दोनदा दाखवलं. समुद्रावरून असा वारा यायचा की पेन धरवत नसे, तरी लिहायचे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळं थांबलं तेव्हा नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये (ही तिसरी पायरी) शील्ड्स १२ गुणांनी पुढे होता. २६ मार्चला निर्णय आला: तिसऱ्या पायरीपासून खाली मोसमच रद्द, निकाल पुसले. क्लबने दाद मागितली, उपयोग झाला नाही. आणखी खालच्या पायरीवरच्या जर्सी बुल्स क्लबने तर २७ पैकी २७ सामने जिंकले होते. तेही पाण्यात.

आणि पहिल्या पायरीवर? तिथे बॅरो फक्त ४ गुणांनी पुढे, त्यांनाही नऊ सामने उरलेले. त्यांच्यासाठी सामन्यामागे सरासरी गुण काढले आणि ते ४८ वर्षांनी फुटबॉल लीगमध्ये परतले. बॅरोबद्दल आकस नाही. पण सरासरीचं गणित तिसऱ्या पायरीवर चालत नाही, असं कुठल्या शाळेत शिकवतात?

माझा रूम पार्टनर, पुण्याचा आणि लिव्हरपूलचा कट्टर, म्हणाला, “छोटे क्लब रे, कुणाला काय फरक पडतो?” त्याचे २५ गुण पुढे होते ना, म्हणून मे महिनाभर ‘मोसम पूर्ण झालाच पाहिजे’ हा जप. जूनमध्ये त्याला विजेतेपद मिळालं, पेढेही त्यानेच वाटले. मी खाल्ला नाही.

एक मात्र मान्य. खेळ थांबवणं बरोबरच होतं. या क्लबांचा संसार गेटवरच्या पैशावर आणि फुकट राबणाऱ्या माणसांवर चालतो, प्रेक्षकांविना नऊ सामने त्यांना झेपले नसते. माझं भांडण थांबवण्याशी नाही, पुसण्याशी आहे.

बाकी तुमच्या प्रश्नाचं: साधारण मोसमात पहिला थेट वर जातो, पुढच्या काही जणांत प्ले-ऑफ होतो. इंग्लंडला गेलात तर प्रीमियर लीगच्या तिकिटामागे धावू नका, जवळचं असलं मैदान शोधा.

एप्रिलमध्ये सुपरमार्केटच्या रांगेत आजोबा दिसले, दोन मीटर लांब. वहीचं विचारलं. म्हणाले, पेनाने लिहिलंय, पुसणार कसं?

२०२३ ला शील्ड्स शेवटी वर गेला. मी तेव्हा सिंगापूरजवळ बोटीवर होतो. गुणतालिकेचा फोटो पार्टनरला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून यायचंय.