हायबरनेटसाठी स्वॅप किती ठेवायची
अरे हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करायला, स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) लागते, पण घाईत तिचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) पाडू नकोस, आधी रॅम बघ. ४ जीबी असेल तर लिनक्समध्ये स्वॅप निदान तेवढी असलेली बरी, मी ६ ठेवतो, कारण हायबरनेट करताना रॅममधलं वापरातलं सगळं तिथंच लिहिलं जातं आणि स्वॅप आधीच थोडी भरलेली असली की जागा पुरत नाही. आणि नुसती स्वॅप करून भागत नाही हं, ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) रिझ्यूम या पर्यायाला त्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बऱ्याचदा द्यावा लागतो, मी तोच विसरलो होतो, धनकवडीत लाईट गेली, बॅटरी जेमतेम पाच मिनिटांची, हायबरनेट केलं, नंतर चालू केलं तर मशीन नव्यानेच बूट झालं आणि सेव्ह न केलेला रिपोर्ट गेला. म्हणून आधी एडिटरमध्ये एक ओळ टाईप करून हायबरनेट ट्राय कर, ती ओळ तशीच परत दिसली तरच भरवसा ठेव.