मल्चिंगचा ढीग आणि वीस लाखांचं मशीन

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून एका टोमॅटो उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. शिवारातला वापरलेला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरून भोकांतून रोपं लावतात ते पातळ प्लास्टिक, गोळा करून वितळवायचं आणि पुन्हा वापरता येईल असा प्लास्टिकचा दाणा काढायचा, असं त्याच्या डोक्यात आहे आणि मशीनसाठी वीस लाखांचं कर्ज हवंय. वडील लिहितात, ‘लोक भंगारवाला म्हणतील, सोयरीक जमणार नाही. रागात मी त्याचा ढीग पेटवून दिला. एमपीएससीचं त्याला समजवा.’

भाऊ, एमपीएससी बीकॉमनंतरही देता येते. आधी त्या ढिगाचं बोलू. पोरगं बांधाबांधाने फिरलं, मातीचे गोळे झटकत माल जमवला आणि तुम्ही काडी लावलीत. त्याने किराणा टाकला असता, तर गोण्या पेटवल्या असत्या का? उघड्यावर प्लास्टिक जाळायला बंदी आहे, ते वेगळंच. शिवारात सगळे जाळतात, म्हणून तर त्याला हा धंदा दिसला. आता त्याची माफी मागा. सोयरिकीचं नंतर बघू.

मात्र ‘कचरा फुकट मिळतो’ हे मुलाचं गणित कच्चं आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला दारात येऊन नेतो, मल्चिंगला हात लावत नाही. का? पेपर जेमतेम पंचवीस-तीस मायक्रॉनचा. उपटताना चिंध्या होतात, सोबत मुळं आणि सुतळी येते. निम्मं वजन मातीचंच निघू शकतं. गाडीभाडं त्या मातीचंही, धुवायला पाणी, मग वाळवण. एवढं करून ओला, मातकट माल मशीनमध्ये गेला तर दाणा खराब. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तीही मशीन घेण्याआधी.

म्हणून कर्ज नको. सुट्टीत त्याला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या प्लास्टिक युनिटमध्ये कामाला लावा. कुठला माल परत पाठवतात ते तिथेच कळेल. यंदा तुमच्याच मळ्यातला पेपर त्याच्या हवाली करा. जमीन कोरडी असताना गुंडाळून काढायचा, म्हणजे माती तिथेच झडते. धड राहिला असेल तर काढूच नका, त्याच भोकांत काकडी किंवा कारलं लावा. आपल्याकडे कित्येक जण लावतात, त्याला कोणी रिसायकलिंग म्हणत नाही इतकंच.

आणि जळलेला ढीग किती किलोचा होता, ते त्याला विचारा. आकडा तोंडपाठ निघाला, तर पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.