रात्र गेली कुठे?

“मॅडम, माझं दूध पुरत नाहीये. बाळ रात्री चार-चार वेळा उठतं.”

माझ्याकडे स्तनपानाच्या समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी बाळंतिणी याच दोन वाक्यांनी सुरुवात करतात. वाक्यं दोन आहेत, मधे ‘म्हणून’ नाही. तो घरातल्या कुणीतरी घातलेला असतो: दूध पुरत नाही म्हणून उठतं. एकदा तो बसला की पुढचं ठरलेलं. रात्री झोपवताना एक बाटली वरचं दूध, आणि काही आठवड्यांनी अंगावरचं दूध खरोखरच कमी. १९९२च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे डब्याची जाहिरात टीव्हीवर दिसत नाही. ती शेजारच्या काकू करतात.

मे महिन्यात आलेल्या एका घराचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नागपुरात मानेवाड्याकडचं घर, पहिलं बाळंतपण, मुलगा अकरा आठवड्यांचा. नवरा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये. सासूबाई सोबत आल्या होत्या, बाळ त्यांच्याच मांडीवर. मी एकट्या आईशी बाळाच्या झोपेबद्दल बोलत नाही. रात्री त्या घरात जे जे जागे असतात, त्या सगळ्यांशी बोलते.

“लेकराचं पोट भरून नाही राह्यलं. इचं दूध पातळ आहे,” सासूबाईंनी निकाल दिला. सून खाली बघत होती.

आधी वजन पाहिलं. जन्माच्या वेळी २.८ किलो, चौथ्या दिवशी २.६, आता ४.७. चौथ्या दिवसापासून धरलं तर रोज साधारण २९ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानतात. ओले लंगोट किती, विचारलं. दिवसरात्र मिळून सात-आठ, शू फिकट. सहाच्या वर असले की दूध पोटात जातंय.

“काकू, पोट भरत नसतं तर ही दोन किलो वाढ आली कुठून?”

त्या हसल्या, पण हटल्या नाहीत. “मग उठते कायले?”

प्रश्न अगदी रास्त होता. अंगावरचं दूध दीड-दोन तासांत पचतं आणि या वयात पोटाची पिशवी लहान असते. २४ तासांत आठ ते बारा वेळा पिणारं बाळ रात्री तीन-चारदा मागणारच. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन ४५ ते ६० मिनिटांचं असतं, त्यातली निम्मी झोप चुळबुळीची. त्यात बाळ कुंथतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झाडतं, आणि तरी झोपलेलंच असतं. दिवस आणि रात्र यांतला फरक शरीराला कळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर झोप आणणारं मेलाटोनिन बाळाला आईच्या रात्रीच्या दुधातून थोडंफार मिळतं. दूध तयार करायला लावणारं आणि पाजण्याने वाढणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही रात्रीच जास्त असतं. म्हणून रात्रीचं पाजणं वगळून दूध टिकवणं अवघड जातं. ‘पातळ’ म्हणाल तर सुरुवातीला येणारं दूध निळसर, पाण्यासारखं दिसतंच. स्तन जसजसा रिकामा होत जातो तसतशी साय वाढते. एक बाजू पुरती पिऊ द्या, मग दुसरी द्या.

हे सगळं दोघींनी ऐकून घेतलं. पण माहितीने झोप येत नाही. मी तिला एक काम दिलं. जुन्या कॅलेंडरचं एखादं पान घे, त्याच्या पाठीवर एका रात्रीचा हिशेब मांड. उठलीस कधी, पाजायला किती वेळ, परत पाठ टेकवलीस कधी. डोक्यात ठेवू नकोस, लिही.

चार दिवसांनी ती एप्रिलचं पान घेऊन आली. पाठीमागे पेन्सिलने चार ओळी होत्या. ११.२० ते १२.२५. १.३० ते २.५०. ३.४० ते ४.५०. ५.३० ते ६.१५. मी लाल पेन दिलं आणि पाजण्याच्या मिनिटांना गोल करायला सांगितलं. २०, १८, १६, १४. तिने बोटांवर बेरीज केली, मग पुन्हा केली. एक तास आठ मिनिटं. जागरणाची बेरीज चार तास वीस मिनिटं.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं.

“पाजायला तर सव्वा तासही नाही लागला, मॅडम. बाकीची रात्र गेली कुठे?”

तिथे ‘म्हणून’ गळून पडला. दूध पुरतंय की नाही हा प्रश्नच त्या पानावर उरला नव्हता. तीन तास बारा मिनिटं दुसरंच कुणीतरी खात होतं, आणि ते शोधता येण्यासारखं होतं.

एकेक करून सापडलं. उठलं की ट्यूबलाइट लागायची. आधी लंगोट बदलायचा, तेवढ्यात बाळ रडून लाल. पाजून झालं की ढेकर निघेपर्यंत उभं राहून वीस-वीस मिनिटं पाठ थोपटायची. मग पाळण्यात ठेवायचं, जाग आली की पुन्हा झोके. बाळ झोपलं की ही मोबाईलवर बघायची, बाकीच्यांची बाळं किती झोपतात.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. मी त्यांनाच विचारलं, “काकू, तुमच्या वेळेला रात्री कसं करायच्या?”

“आमच्या वेळेस कुठलं घड्याळ अन् कुठला लाईट? कंदिलाची वात बारीक करून ठेवो. लेकरू कुशीतच राहे. चुळबुळलं का पाजो, अन् झोपून जाओ.”

सुनेने मान वर केली. तीन आठवडे ज्या बाई ‘दूध पातळ’ म्हणत होत्या, त्यांच्याकडेच उत्तर होतं. तसं कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या मोठ्या बाईशी वाद घालून मी आजवर काहीच जिंकलेलं नाही. तिची रात्र विचारली की ती आपल्या बाजूला येऊन बसते, हे मात्र अनेक घरांत पाहिलं आहे.

मग कंदिलाची ती रात्र आजच्या घरात कशी बसवायची, एवढंच काम उरलं.

ट्यूबलाइट बंद. अंथरुणाच्या पातळीला पिवळसर झिरोचा बल्ब, तोही बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा. हाताच्या अंतरावर दोन लंगोट, सुती फडकी, आईसाठी पाण्याची बाटली आणि डिंकाचा लाडू, कारण पाजताना तहान-भूक लागते. घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. लंगोट शी झाली असेल किंवा चिंब भिजला असेल तरच बदलायचा, तोही एक बाजू पिऊन झाल्यावर, मधे. म्हणजे दुसऱ्या बाजूला पिता पिता झोप लागते. शेवटी बदललात तर लागलेली झोप तुम्हीच मोडता.

बाळ कुंथलं की लगेच उचलायचं नाही, मिनिटभर बघायचं. डोळे मिटलेले असतील तर बहुतेक ते झोपेतच आहे. जीभ बाहेर काढली, मान वळवून तोंडाने शोधायला लागलं, मूठ तोंडात घातली की मात्र थांबायचं नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडणारं बाळ नीट धरत नाही, वारा गिळतं, आणि मग खरंच पोट फुगतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही कुशीवर झोपून पाजायला शिकण्यात घालवला, दिवसा, उजेडात. रात्री दोन वाजता ते जमत नाही. आई कुशीवर, डोक्याखाली उशी, खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. बाळही कुशीवर, पोटाला पोट, नाक बोंडीच्या समोर. तोंड जांभईसारखं उघडलं की पाठीवर, खांद्यांच्या मधे हात ठेवून जवळ ओढायचं. डोकं मागून ढकलायचं नाही. ढकललं की बाळ मान मागे टाकतं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसतोय आणि खाली कमी, असं असेल तर बरोबर धरलंय. नुसती बोंडी तोंडात असेल तर दुखतं, चीर पडते, आणि बाळ अर्धा तास चोखूनही उपाशी राहतं. गिळल्याचा आवाज ऐकायचा. तो थांबून नुसतं चोखणं उरलं की स्तन हलका दाबायचा, धार पुन्हा सुरू होते. ढेकरासाठी दोन-तीन मिनिटं पुरे, नाही निघाली तर नाही. मग बाळाला पाठीवर झोपवायचं. नेहमी पाठीवरच.

इथे एक गोष्ट सासूबाईंना न दुखावता पण ठाम सांगावी लागली. त्यांच्या काळी सतरंजी होती, आता जाड मऊ गादी आणि चार उशा. बाळाला घट्ट, सपाट अंथरूण हवं. डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली मोहरीची उशी नको, जवळ जाड गोधडी नको. खोली एकच, पण बाळाचं अंथरूण शेजारी वेगळं, हे सगळ्यात बरं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणारा दारू किंवा गुंगीचं औषध घेत असेल, बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर एका अंथरुणात अजिबात नाही. आणि सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. डुलकी येणार वाटलं की सोफा सोडायचा.

मे महिन्यातलं नागपूर म्हटल्यावर पाण्याचा विषय निघतोच. पारा ४५च्या वर गेला तरी सहा महिन्यांपर्यंत चमचाभरही पाणी नाही. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. उकाड्यात बाळ थोडं थोडं, वारंवार पितं, ते तहान भागवत असतं. कूलर चालू द्या, झोत अंगावर नको. मलमलचं झबलं पुरे, टोपडं काढा, मानेमागे हात लावून घाम बघा. घुटी नको. मध तर वर्षभर नको, त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

संध्याकाळी सहा ते नऊ बाळ सारखं मागतं, तेव्हा ‘दूध आटलं’ म्हणून घर घाबरतं. पाजत राहायचं. साडेआठला पाजून झालं की सुनेने दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचं आणि बाळ जागेपर्यंत, साधारण तीन तास, सासूबाईंनी सांभाळायचं, असं ठरलं. सलग तीन तासांची झोप तुकड्या-तुकड्यांच्या झोपेहून भारी पडते. वेगळी बाटली लागली नाही.

सहा महिन्यांच्या आत ‘रडू द्या, सवय लागेल’ हा सल्ला मी देत नाही. रात्रीचं पाजणं एकदम तोडलं तर स्तन भरून दगड होतात, गाठ धरते, दूध घटतं. पाळी आलेली नाही आणि बाळ फक्त अंगावर आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर असाल तर तो भरवसा सहा महिन्यांपर्यंतच, आणि तेव्हाही रात्री सहा तासांहून मोठा खंड पडता कामा नये.

ओले लंगोट सहापेक्षा कमी झाले, वजन थांबलं, बाळ पिण्यासाठीही जागं होईना, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइटचा ताप आला तर वाट न बघता डॉक्टर. स्तन लाल, गरम आणि आईला थंडी-ताप असेल तरीही. बाळ झोपलेलं असताना, घर शांत असताना आईला दोन आठवडे झोप येत नसेल, रडू येत असेल, नको ते विचार येत असतील, तर तो दुधाचा प्रश्न नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.

दोन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा एक रात्र लिहून आणली. बाळ याही वेळी चार वेळाच उठलं होतं. जागरण एक तास पन्नास मिनिटं. सासूबाईंनी पान हातात घेतलं आणि आपल्या मुलाला दाखवायला पिशवीत घातलं.

जूनच्या शेवटी तिचा फोन आला. चार महिने पूर्ण झाल्यावर बाळ पुन्हा पाच-सहा वेळा उठायला लागलं होतं. या वयात झोपेची घडण बदलते आणि दिवसा इकडेतिकडे बघण्यात पिणं अर्धं राहतं, ती भूक रात्री निघते. दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत पाजून बघ, असं मी सांगत होते तर ती मधेच म्हणाली, “ते सुरू केलंय, मॅडम. आईंनीच सांगितलं. मेच्या पानाच्या पाठीवर परवाची रात्र लिहिलीय, वाचून दाखवू?”